सुट्टीवरून आल्यावर बाग वाळलेली का सापडते?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरापुढे 20 बाय 25 फुटांचं अंगण आहे. 3 वर्षांत दोनदा बाग केली, पण जास्वंद पिवळी पडते, लिंबू वाळलं, हिरवळ जागोजागी करपली. पाणी बोअरचं. सासरे रोज संध्याकाळी न चुकता पाइप हातात धरतात. दर मे महिन्यात घरची सगळी 12 दिवस मालवणला, ताईंच्या माहेरी जातात आणि परत येऊन बघतात तर निम्मी बाग गेलेली असते. जानेवारीत महाबळेश्वरला गेले होते, तिथल्या हॉटेलची हिरवळ बघून मुलांनी तशीच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय. येताना स्ट्रॉबेरीची 4 रोपंही आणलीत. आता बागेसाठी 50,000 रुपये बाजूला काढलेत आणि यजमान म्हणतात, यंदा मालवण राहू दे, सुट्टी आणि पैसे दोन्ही बागेलाच देऊ. ताई विचारतात, काय करू?

ताई, मालवणला जा. बागेसाठी माहेर चुकवायची काही गरज नाही. हे काम मुळात दोन टप्प्यांचं आहे: मातीचं काम सुट्टीच्या आधी, लावणी सुट्टीनंतर. मी 26 वर्षं सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर भागात घरगुती बागा करून देतोय. मे महिन्यात हौसेनं लावलेली बाग बहुतेक वेळा पावसाळ्यात पुन्हा लावावी लागते, हे मी दरवर्षी बघतो. त्यामुळे तुम्ही घरी थांबलात तरी त्या 12 दिवसांत बागेचं फार काही भलं होणार नाही.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. आम्ही घरी असतो तेव्हा झाडं पिवळी पडतात, ही एक. आम्ही नसतो तेव्हा वाळतात, ही दुसरी. मला या दोन्हींचं मूळ एकाच जागी दिसतं. तुमच्या झाडांची मुळं वरच्या तीन-चार इंचांतच राहिली आहेत. खाली जायला त्यांना हवा नाही, आणि रोज संध्याकाळी वरच्या वर पाणी मिळत असल्यामुळे खाली जायची गरजही पडत नाही. मग मे महिन्यात चार दिवस पाणी चुकलं की वरचा थर तापतो आणि झाड बसतं.

मागच्या वर्षी शंभर फुटी रोडजवळच्या एका घरी असंच वाळलेलं लिंबू काढायला गेलो होतो. माती वरून कोरडी ठणठणीत, भेगा पडलेल्या. घरच्यांचं म्हणणं, पाणी कमी पडलं. पहारीनं फूटभर उकरलं तर खालची माती थंडगार, पहारीला लोण्यासारखी चिकटत होती. मूळ हातात घेतलं तर त्याची साल बोटांत निसटून आली, भिजवलेल्या बदामाची निघते तशी, आणि आतला दोरा तेवढा शिल्लक राहिला. वास गटारीचा. वरून भेगा दिसल्या म्हणून घरच्यांनी पाणी वाढवलं होतं आणि खाली मुळं कुजत चालली होती.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिचा बारीक कण पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. आकसला की उन्हाळ्यात पंजा जाईल एवढी भेग पडते, फुगला की मातीतली पोकळी बुजते आणि हवा संपते. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा नदीकडच्या भागातल्या माझ्या कितीतरी बागा आठवडाभर पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर मी घरोघर फिरलो. पपई सगळीकडे गेली होती. जांभूळ, करंज आणि नारळ बहुतेक ठिकाणी तगले. झाडाझाडाची सोसायची ताकद वेगळी असते, हे पुस्तकात वाचलं होतं, पण त्या पंधरा दिवसांत जे दिसलं त्यानंतर मी झाडांची यादी करण्याआधी खड्डा खणायला लागलो.

तुम्हालाही आधी तेच सांगतो. या रविवारी अंगणाच्या मध्यावर एक फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या. संध्याकाळी काठोकाठ भरा आणि तसाच सोडा. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कारण कोरडी माती आणि तिच्या भेगा ते पिऊन टाकतात आणि आपली फसगत होते. सकाळी पुन्हा भरा, काठी उभी करून खूण करा आणि तासाभरानं पातळी किती उतरली ते बघा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर निचरा बरा आहे, मग तुमचा दोष जवळजवळ सगळा पाणी द्यायच्या पद्धतीत आहे आणि खर्चही फार नाही. अर्धा इंचही उतरली नाही तर जमीन चिबड, म्हणजे पाणी धरून ठेवणारी आहे, तिथे जमिनीच्या पातळीत काही लावून उपयोग नाही. मधलं काही निघालं तर वाफे थोडे उचलून भागतं. यातलं तुमचं कुठलं, ते इथे बसून मला सांगता येणार नाही. एकाच गल्लीत एका घराखाली मुरूम लागतो आणि शेजारच्या घराखाली दहा फूट काळी माती असते. शिवाय बांधकामाच्या वेळी टाकलेला राडारोडा कुठे पुरलाय त्यावरही बरंच ठरतं.

दुसरी गोष्ट बोअरची. तुमच्या कुंड्यांच्या बाहेरून पांढरी पपडी धरत असेल, तर पाण्यात क्षार आहेत. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतली क्षारपड शेतं आपण सगळ्यांनी बघितली आहेत, जास्त पाणी आणि कमी निचरा झाला की तसं होतं. अंगणातही तेच लहान प्रमाणात घडतं. पण इथे एक घोटाळा नेहमी होतो. कोणीतरी जिप्सम टाका म्हणून सांगतं आणि लोक पोतंभर टाकतात. जिप्सम चोपण मातीला लागतं, म्हणजे जिच्यात सोडियम चढलाय, सामू (पीएच) साडेआठच्या वर गेलाय, जी ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड होते. नुसत्या खारवट मातीला जिप्समचा फायदा नाही, तिथे चांगल्या पाण्यानं क्षार धुवून खाली घालवावे लागतात आणि त्यासाठी निचरा लागतो. म्हणून माती आणि बोअरचं पाणी, दोन्ही तपासून घ्या. सामू, विद्युत वाहकता (यावरून क्षार किती ते कळतं), चुनखडीचं प्रमाण आणि सोडियम एवढं अहवालात आलं पाहिजे. या कामाला लागणारा पैसा किरकोळ आहे आणि पुढची फसगत वाचते.

तुमच्या जास्वंदीची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. शेतकरी "ऊस केवडा पडलाय" म्हणतात, त्याच जातीचं हे दुखणं. आपल्या मातीत लोह नसतं असं नाही, चुनखडीमुळे ते मुळाला मिळत नाही, आणि पाणी साचलं की आणखी कमी मिळतं. तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नवी पालवी हिरवी आली तर निदान बरोबर समजा. नुसतं हिराकस मातीत टाकू नका, ते चुन्याबरोबर अडकून बसतं, द्यायचंच तर शेणखतात मुरवून द्या.

आणि वॉशिंग मशीनचं पाणी बागेत सोडलेलं असेल तर ते आजच बंद करा. पूर्वी न्हाणीचं पाणी परसातल्या अळूला, केळीला, कर्दळीला जायचं आणि ती छान पोसायची. पण धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. काळ्या मातीत तो वर्षानुवर्षं जात राहिला की चांगली माती चोपण होते.

आता मातीचं काम. सुरुवातीच्या काळात मी एक मोठी चूक केली होती, ती सांगतो म्हणजे तुमच्याकडे कोणी तसं करायला लागलं तर थांबवता येईल. एका घरी 14 झाडांसाठी काळ्या जमिनीत दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले आणि त्यांत तांबडी माती, शेणखत, वाळू असं सुंदर मिश्रण भरलं. ऑगस्टपर्यंत 11 झाडं गेली. भोवतालच्या चिकण जमिनीत तो प्रत्येक खड्डा म्हणजे एक हौद झाला होता. चारी बाजूंचं पाणी भुसभुशीत मिश्रणात येऊन साठायचं आणि बाहेर जायला वाट नव्हती. ती झाडं मी माझ्या खर्चानं पुन्हा लावून दिली, पण त्या घरच्या आजी रोज सकाळी एकेका वाळत्या झाडापाशी जाऊन उभ्या राहायच्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून जमीन चिबड असेल तर मी खाली जात नाही, वर चढतो. चार फूट रुंद, सव्वा ते दीड फूट उंच वाफे. आधी खालची काळी माती कुदळीनं अर्धा फूट सैल करायची, मग वर दोन भाग तांबडी मुरमाड माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. सैल न करता नुसती नवी माती ओतली तर दोन थर वेगळे राहतात आणि पाणी मधल्या सांध्यावर तुंबतं. वाफ्यांच्या कडेनं दीड फूट खोल चर घ्यायचा, तळाशी गाळणीचं कापड गुंडाळलेला सच्छिद्र पाइप टाकायचा आणि वर खडी. क्षारपड उसाच्या शेतात जमिनीखाली घालतात तीच पद्धत. 25 फुटांच्या लांबीला 3 इंच उतार पुरतो. पाणी कुठे निघणार ते आधी ठरवा, शेजाऱ्यांच्या कुंपणात नको. वाफे घराच्या जोत्याला चिकटवू नका, अडीच-तीन फूट अंतर ठेवा. काळी माती फुगते-आकसते आणि भिंतीलगत कायम ओल राहिली तर पायाला त्रास होतो.

मुलांच्या हिरवळीबद्दल बोलू. महाबळेश्वर 1,350 मीटरच्या आसपास उंचीवर, सांगली साडेपाचशेच्या. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती, पाणी पडलं की निघून जातं. आपल्याकडे पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास आणि खाली काळी. शिवाय त्या हॉटेलात माळी दिवसभर असतो. तुमचं सगळं अंगण हिरवळ केलं तर साधारण 46 चौरस मीटर भरेल. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला दिवसाला 5 लिटर धरले तरी रोज 230 लिटर, तेही क्षाराचं. मी म्हणेन, 10 बाय 12 फुटांचा एकच तुकडा करा, मुलांना लोळायला तेवढा भरपूर होतो. त्याला 55 लिटरांत भागेल. जागा अशी निवडा जिथे किमान सहा तास ऊन येतं. गवत हरळीच्या जातीचं घ्या, नर्सरीत "सिलेक्शन नंबर वन" म्हणून मागितलंत की मिळतं. हरळी क्षार सोसते. दाट मऊ गालिच्यासारखं दिसणारं कार्पेट लॉन दाखवतील, पण खारवट पाण्यावर आणि तुमच्यासारख्या नोकरीच्या घरी मी ते लावत नाही.

स्ट्रॉबेरीचं मुलांना खरं ते सांगून टाका. ती थंडीची पोरं आहेत, सांगलीच्या एप्रिलात टिकत नाहीत. आहेत ती रोपं मार्चअखेरपर्यंत सावलीत ठेवून येतील तेवढी फळं खाऊ द्या. पुढच्या नोव्हेंबरात नवी रोपं आणून एक लांब कुंडी फक्त मुलांच्या नावानं करा. थंडीभर रोज सकाळी उठून लाल झालेली शोधायची, त्यात त्यांना फार आनंद मिळतो, मी माझ्याच घरी बघितलंय.

इतर झाडांत चिकू आणि डाळिंब क्षार बऱ्यापैकी सोसतात. नारळही घ्या, जागा असेल तर. सोनचाफा हवाच असेल तर वाफ्याच्या सर्वांत उंच जागी, त्याला पाय ओले चालत नाहीत. कढीपत्ता, गवती चहा, मोगरा वाफ्यात मजेत राहतात. लिंबू पहिल्या वर्षी नकोच, वाफे एक पावसाळा बघू देत. कण्हेर काटक असते, पण विषारी आहे. घरात लहान मुलं आहेत तोवर लावू नका.

आता सासऱ्यांचा विषय, आणि मला हा सगळ्यांत नाजूक वाटतो. निवृत्त माणसाची संध्याकाळ त्या पाइपाभोवती असते. त्यांना "तुमच्यामुळे झाडं मेली" असं कोणी म्हणू नका, ते खरंही नाही, खाली निचराच नव्हता. तो खणायचा खड्डा त्यांच्याच हातानं खणून घ्या आणि सकाळची मोजणी त्यांनाच करू द्या. ज्यानं स्वतः मोजलं त्याला वेगळं समजावावं लागत नाही. मग कामाची वाटणी अशी: कुंड्या रोज त्यांच्याकडे, कारण कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतंच. जमिनीतली झाडं मात्र आठवड्यातून एकदा, सावकाश, खोल. पाणी द्यायच्या आधी बोटभर नव्हे, वीतभर उकरून बघायचं. आत गार लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. वरची भेग बघून ठरवायचं नाही, कोरडी माती ओढून ती बुजवायची आणि वर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला अंथरायचा.

सुट्टीची तयारी इथूनच सुरू होते. आत्ता फेब्रुवारी आहे. जी जुनी झाडं राहिली आहेत त्यांचं पाणी एकदम तोडू नका, आधी एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मार्चअखेर पाच दिवसांनी, एप्रिलअखेर आठवड्यानं. दर वेळी पाणी जास्त वेळ सोडा, म्हणजे ते खोल जाईल आणि मुळं त्याच्यामागे जातील. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडून पाचटाचा चार इंच थर द्या. पाचट आपल्याकडे उसाच्या फडावर मागितलं तर मिळतं. अशी सवय लागलेल्या झाडाला 12 दिवसांत मध्ये एकदाच पाणी लागतं. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर द्या, आणि सहाव्या दिवशी शेजारच्या कोणीतरी पाऊण तास नळ सोडला की झालं. रोज यायला सांगितलेला शेजारी दोन दिवस येतो आणि नंतर विसरतो, त्याचा दोष नाही. एकाच दिवसाचं काम माणूस आठवणीनं करतो.

कुंड्या सगळ्या उचलून घराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीलगत, सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. खाली ओल्या वाळूचा थर, मधल्या फटींत ओलं पाचट. फुलं-कळ्या खुडून टाका. ताटल्यांत पाणी साठवून जाऊ नका, मुळंही कुजतात आणि डासही होतात. मोठ्या कुंड्यांत आणि वाफ्यात दोन झाडांच्या मध्ये कच्च्या भाजणीचं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर झाकण. मडकं पाझरत राहतं आणि माती कोरडी झाली तेवढंच पाणी सोडतं. पाच-सहा लिटरचं मडकं वाफ्यात चार-पाच दिवस चालतं, म्हणजे शेजाऱ्याच्या फेरीत तेही भरून घ्यायचं. बाटली उलटी खोचायचा उपाय सगळे सांगतात, पण भुसभुशीत मातीत ती एका दिवसात रिकामी होते.

नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर चांगला असतो, फक्त तो थेट गच्चीवरच्या टाकीला जोडून गावाला जाऊ नका. एका घरी ठिबकची नळी निसटली आणि सगळी टाकी रात्रीत अंगणात रिकामी झाली. 200 लिटरचं वेगळं पिंप तीन फूट उंच विटांवर ठेवा आणि ठिबक त्याला जोडा, म्हणजे बिघाड झाला तरी तेवढंच पाणी जाईल. दुकानात कमी दाबावर चालणारा टायमर मागा, साधे टायमर पिंपाच्या दाबावर उघडत नाहीत. आणि घरी असताना आठवडाभर चालवून बघा.

तर क्रम असा लागतो. फेब्रुवारीत खड्डा आणि तपासणी, मार्च-एप्रिलमध्ये चर आणि वाफे. 50,000 पैकी निम्म्याच्या वर रक्कम या मातीकामात जाईल, आणि बाहेरून काही दिसणार नाही, त्यामुळे यजमानांना आधीच कल्पना द्या. मे महिन्यात वाफे रिकामे राहू देत, उन्हानं तापू देत, तुम्ही मालवणला. परत याल तोवर वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला असेल, त्यात वाफे किती बसले ते कळतं आणि वर माती घालता येते. मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले, की लावणी. पहिल्या दोन महिन्यांचा पाऊस नव्या वाफ्यांतले क्षारही चरातून धुवून नेईल. मालवणहून काजूचं नाहीतर हापूसचं कलम आणायचा मोह होईल, तेवढा यंदा आवरा.

रविवारच्या खड्ड्याचा आकडा आणि अहवालातला सामू कळवा. सोबत सकाळी 9, दुपारी 1 आणि संध्याकाळी 4 वाजता अंगणात सावली कुठवर येते ते कागदावर रेघ मारून ठेवा, मुलं आवडीनं करतील. ते हाती आलं की हिरवळीचा तुकडा कुठे टाकायचा आणि चिकू कुठे, हे नेमकं सांगता येईल.